टाकीतलं जुनं रॉकेल

"थंडी सरली, आता शेगडीची टाकी रिकामी करा हो! जुनं रॉकेल वातीला बाधतं," मिनेकाकू दर वसंतात गेंजोकाकांच्या मागे लागायच्या.

यंदा उत्तर जपानातल्या आमच्या आओमोरीत बर्फ पडू लागला तरी काकांची शेगडी पेटेना, म्हणून त्यांच्या लेकीने मला दुरुस्तीला बोलावलं. वात डांबरासारखी कडक झाली होती, रॉकेल पिवळं पडलं होतं.

"काका, मागच्या हिवाळ्याचंच ठेवलंत? काकू असत्या तर कान उपटले असते तुमचे!"

"विसरलो रे."

वात बदलून मी टाकी रिकामी करायला निघालो, तर काकांनी ती माझ्या हातातून ओढून छातीशी धरली.



"तिनेच भरलंय हे. बाहेर बर्फ होता, म्हणून मी शेकत बसलो आणि रॉकेल भरून आणायला तिला पाठवलं. भरलेली टाकी घेऊनच घसरून पडली, ती उठलीच नाही."