गुळाचा डबा

त्या रविवारी केतकीच्या आईने, वत्सलाबाईंनी, पुरणपोळ्या केल्या. मधुमेहामुळे केतकीच्या जिभेत गोडाची चव देणारी एक चकती बसवली होती. पुरणात गूळ नसला तरी तिला तो लागायचा, अगदी लहानपणी आई तळहातावर ठेवायची त्या खड्यासारखा.

"तुझी गुळाची वेगळी केलीस ना?" तिने विचारलं.

"केली की. तू आपलं गुपचूप खा." आईने मोठा घास घेतला.

सोमवारी आई झोपेतून उठलीच नाही.

तेराव्यानंतर केतकीला फ्रीजरमध्ये आईची वेगळी ठेवलेली पोळी सापडली. तिने चकती बंद करून घास घेतला. नुसती शिजलेली डाळ लागली. तिने गुळाचा डबा उघडला. त्यात शिवणाची बटणं होती.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "तू गूळ खायचा होतास गं. मला बघायला आवडलं असतं."