कागदी पेला

डोलोरेसच्या पाठीवर कागद टाचलेला होता: ‘टेरेन्स, माझा मुलगा’. चार मैल झाले, एकानेही तो वाचला नव्हता. शेजारी चालणाऱ्या वेन्डेलच्या पाठीवर नुसतंच ‘टेरी’. त्याला मात्र पावलापावलाला कोणी ना कोणी येऊन मिठी मारत होतं.

आता आईच्या जिवाची आग होणार नाही तर काय! जन्म हिने दिला आणि सांत्वन याचं. सहा वर्षं टेरीचा जोडीदार म्हणून राहिला म्हणजे एवढा हक्काचा झाला होय? एड्सच्या रुग्णांसाठी पैसे जमवायला निम्मं बॉस्टन पाठीवर आपापल्या गेलेल्या माणसाचं नाव लावून नदीकाठी चालत होतं. शेवटचे पाच महिने टेरीला न्हाऊ घातलं, भरवलं ते वेन्डेलने, हे त्यातल्या कितीतरी जणांना ठाऊक होतं.

त्या महिन्यांत डोलोरेस नुसता फोन करायची. त्याआधीच्या ख्रिसमसला टेरी घरी आला, तेव्हा सगळ्यांना चिनी मातीच्या बशा आणि त्याला एकट्याला कागदी, असं तिनेच मांडलं होतं. जेवण झाल्यावर ती कागदी बशी चिमटीत धरून डब्यात टाकली होती.

“शेवटी त्याने मला हाक मारली का रे?” तिने विचारलं.

“पाणी मागायचा,” वेन्डेल म्हणाला. “माझ्याच पेल्यातून प्यायचा. वेगळा पेला दिला की तोंड फिरवायचा.”

म्हणजे तेही याच्याच वाट्याला.

पुलापाशी स्वयंसेवक पाणी वाटत होते. कागदी पेले संपत आले होते. दोघांत एकच मिळाला. वेन्डेलने दोन घोट घेतले, मग तिच्याकडे बघून ओशाळला आणि दुसरा मागायला वळला. याच्या अंगात काय आहे कोण जाणे, जपून राहा, असं डोलोरेसला तिच्या बहिणीने निघताना बजावलं होतं. तिने त्याच्या हातातला पेला ओढून घेतला, त्याचे ओठ लागले होते तिथेच ओठ लावले आणि तळापर्यंत प्याली. मग त्याच्याकडे पाहिलं. बघ, मीसुद्धा.

वेन्डेल तिच्या हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघत राहिला.

“ख्रिसमसला एवढंच हवं होतं हो त्याला,” तो म्हणाला.

अजून दोन मैल उरले होते. वाटेत ठिकठिकाणी कचऱ्याचे डबे ठेवले होते. डोलोरेसने पेला एकाही डब्यात टाकला नाही.