चांगुणाचा टाहो

चांगुणाला बायकांची तोंडं तेवढी दिसत होती. उघडी, मिटलेली, पुन्हा उघडी. मधे आईला निजवलेलं, भोवती बायका पुढे-मागे झुलत होत्या, आणि माजघरात उदबत्तीचा धूर संथ फिरत होता. जन्मापासून चांगुणाच्या कानांत कधी आवाज शिरला नव्हता. तिला वाटलं, या सगळ्या पाण्याखाली बसल्या आहेत, आणि आपणही.

अन्नपूर्णाबाई गेल्याचं आदल्या दुपारीच जानेफळात सगळ्यांना कळलं होतं. आता अंगणात तिरडी बांधून होत आली होती, तरी लेकीच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

"रडवा वं तिले कोनी," शेजारची गीताबाई म्हणाली. "नाही तं आतल्या आत घुसमटून मरन पोरगी."

"जिनं कवा आयकलाच नाही, तिले टाहो म्हंजे काय हे कसं सांगाव?" चांगुणाचा भाऊ तुळशीराम दारातून म्हणाला.

लहानपणी चांगुणानं तोंडातून आवाज काढला की गल्लीतली पोरं हसायची. ती का हसतात हे तिला एक दिवस कळलं, आणि तिनं तोंड मिटलं ते कायमचं. आईच्या जिवाला ते फार लागलं होतं.

वच्छलामावशी, आईची धाकटी बहीण, नव्यानं सुरू झालेल्या एस.टी.नं दुसरबीडहून आली होती. तिचा टाहो पार वेशीपर्यंत ऐकू जाई, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा तोराही होता. ती सरकत चांगुणाजवळ आली. तिचा तळहात उचलून आपल्या गळ्यावर दाबून धरला आणि बहिणीला हाक मारत टाहो फोडला.

चांगुणाच्या हाताखाली काहीतरी थरथरलं. खालून वर चढलं, फुटलं, ओसरलं, पुन्हा चढलं. फिरत्या जात्याला हात लागावा तसं. तिचे डोळे मोठे झाले. इतकी वर्षं या बायका तोंड उघडून एकमेकींना हे देत होत्या तर.

अंगणातली माणसं आत आली.

"चला, उचला आता. ऊन चढून राह्यलं," त्यांतला एक म्हणाला.

चांगुणा आईजवळ जाऊन बसली. आईचा गार, जड हात तिनं दोन्ही हातांनी उचलला, आपल्या गळ्यावर ठेवला, आणि तोंड उघडलं.

आवाज घोगरा होता, वाकडातिकडा, कुणाच्याच रडण्यासारखा नाही. पण या वेळी कुणी हसलं नाही. बायका एकेक करून गप्प झाल्या. वच्छलामावशीसुद्धा.

चांगुणाला बाजूला करायला तो माणूस पुढे झाला. तुळशीरामनं त्याचं मनगट धरलं.

"थांब जरा," तो म्हणाला. "मायसंग बोलून राह्यली ते."