एक दिवसाआड

"माझ्या मुलाच्या पेशी नष्ट कराव्यात," असा अर्ज टेबलावर ठेवून बाई उभ्याच राहिल्या. मुलगा जाऊन महिना झाला होता. त्याच्या दंडाच्या कातडीपासून आम्ही प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवल्या होत्या. ज्या आजारानं त्याचे हातपाय गेले, त्यावरची औषधं त्यांच्यावर तपासत होतो.

"तो सुटला ना आता? मग त्याचा तुकडा कशाला अडकवून ठेवता?"

मला अर्जावर फक्त शिक्का मारायचा होता. पण वर्षभर ज्या पेशींना जेवू घातलं, त्यांना असं कसं टाकू? म्हटलं, "त्याआधी एकदा बघता का, ताई?"

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या बराच वेळ वाकून राहिल्या. पेशींना बारीक धागे फुटले होते आणि ते शेजारच्या पेशींकडे निघाले होते.

"हे हात का?"

"तसंच म्हणा."

"तीन वर्षं त्याला पेला धरता आला नाही हो." मग डोळा तिथंच ठेवून, "खातात काय हे?"

"गुलाबी पाणी. एक दिवसाआड बदलते मी."

"गुलाबी? सरबताला तोंड लावायचा नाही तो." बाई हसल्या आणि लगेच डोळ्यांना पदर लावला. "आणि सणासुदीला?"

"दिवाळीतही येते. उपाशी ठेवून चालत नाही."

त्यांनी अर्जाची घडी करून पिशवीत टाकली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आज घातलंत खायला?"

"नाही अजून."

"मग घाला. मी थांबते."