धाकटा बोलला का?

"दाब आता," प्रमुख म्हणाले. "किती वेळ बोट असं अधांतरी धरून बसणार आहेस?"

तिने बोट खाली आणलं नाही. पडद्यावर एका ओळीची आज्ञा तयार होती. ती गेली की दूर त्या धूमकेतूभोवती फिरणाऱ्या यानाचा एक रेडिओ बंद होणार होता. त्या रेडिओला काम एकच होतं. खाली उतरलेलं छोटं यान कधी बोललंच, तर ते ऐकायचं.

मोठ्या यानाला सगळे आई म्हणत आणि छोट्याला धाकटा. आईने धाकट्याला दहा वर्षं पोटाशी धरून नेलं आणि धूमकेतूवर सोडलं. तो टेकल्याचा निरोप आला तेव्हा याच खोलीत चांगली पोक्त माणसं पोरांसारखी नाचली होती. पण त्याला जमिनीत रुतवून धरणारे हूक सुटलेच नव्हते. त्या एवढ्याशा जगात कशालाच फारसं वजन नसतं. धाकटा चेंडूसारखा उसळला, भरकटला आणि कुठल्याशा कड्याच्या सावलीत जाऊन पडला. ऊन नाही, म्हणजे वीज नाही. इथे खोलीत बसून त्याची वीज सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. बॅटरीत शेवटची धुगधुगी उरली तेव्हा तिने सगळ्यांशी भांडून त्याला जरासं वळवून घेतलं होतं, मोठं पॅनल मोकळ्या आकाशाकडे येईल असं. तिथला ऋतू बदलला, ऊन पोचलं, की तो जागा होईल, असं तिचं म्हणणं. मग धाकटा गप्प झाला.

ऋतू बदलला. ऊनही पोचलं असावं. ती रोज पडद्यावरची सपाट रेघ बघत बसे. "काय, धाकटा बोलला का?" असं लोक चहाच्या वेळी विचारत. आधी काळजीने विचारत, मग गमतीने, मग विचारीनासे झाले. आता आई स्वतःच सूर्यापासून लांब चालली होती आणि तिलाच वीज पुरेना.

"सर, आणखी एक फेरी होऊ द्या," ती म्हणाली.

"अगं, बोलायचं असतं तर एव्हाना बोलला असता."

प्रमुख हे मायेनेच म्हणाले. पण अगदी हेच वाक्य तिने आज सकाळी बाबांना ऐकवलं होतं.

बाबा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. लिफ्ट नाही आणि गुडघे कामातून गेलेले. तिच्या एकटीच्या घराला लिफ्ट होती, जागा होती. पण तिच्याकडे राहायला यायचं बाबांचं घोडं अडलं होतं दाराजवळच्या जुन्या फोनपाशी. तो नंबर तिच्या भागात नेता येत नव्हता. दादा भांडून घर सोडून गेला त्याला कैक वर्षं झाली. रागाच्या भरात बाबाच म्हणाले होते, पुन्हा तोंड दाखवू नकोस. आयुष्यात कधी बापाचं ऐकलं नव्हतं त्या पोराने, हे तेवढं ऐकलं. "त्याला हा एकच नंबर पाठ आहे," बाबा म्हणत. आणि फोन येई कुणाचा, तर संध्याकाळी विमा विकणाऱ्या एका मुलीचा. बाबा तिचं सगळं पुराण शेवटपर्यंत ऐकून घेत आणि वर तिचे आभार मानत. "तेवढंच कळतं गं, लाइन चालू आहे." आज सकाळी तिचा धीर सुटला आणि ती ते वाक्य बोलून गेली. बाबा चष्मा पुसत राहिले.

तिने बटण दाबलं.

आज्ञा पोचायला आणि पोचल्याचं कळायला तासभर लागणार होता. सगळे चहाला गेले. ती हलली नाही. "बोल रे," ती रिकाम्या खोलीत चक्क मोठ्याने म्हणाली. "एकदाच बोल." रेघ सपाट राहिली, आणि मग रेघही गेली.

संध्याकाळी ती बाबांकडे पोचली तेव्हा दाराशी बॅग भरून ठेवलेली होती. बाबा बाहेर जायचे कपडे घालून फोनशेजारच्या स्टुलावर बसले होते.

"तुझंच खरं आहे," ते म्हणाले. "उद्या फोन काढून न्यायला माणूस येतोय." मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय गं? धाकटा बोलला का?" हे विचारणारे आता ते एकटेच उरले होते.

"नाही बाबा. आज आम्ही ऐकणंच बंद केलं."

बाबांनी फोनकडे पाहिलं.

"त्याला कळवलंत का?"

"काय कळवायचं?"

"हेच. की आता ऐकणारं कोणी नाही म्हणून."

तिला एकदम रडू आलं. उद्या तो जागा झाला, सगळा जीव गोळा करून बोलला, तर त्याला कळणारही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. दोघंही दचकले. बाबा उठू लागले, पण गुडघ्याने दगा दिला. तिनेच रिसीव्हर उचलला. एरवी त्या विमावाल्या मुलीचा आवाज ऐकला की ती फोन आपटायची. आज तिने हप्ता, मुदत, सवलत सगळं ऐकून घेतलं आणि ऐकता ऐकता पायाने ती बॅग दारापासून आत ढकलली.

"विमा नकोय आम्हाला," ती म्हणाली. "पण उद्याही फोन करा. बाबांना उठायला वेळ लागला तर ठेवू नका. मी आता इथेच असणार आहे, मी उचलेन."