गवती चहाचं तेल

नवऱ्याच्या कॅन्सरवर केमो चालू होती तेव्हा मळमळ थांबावी म्हणून ती तळहाताला गवती चहाचं तेल चोळून हात त्याच्या नाकाशी धरायची. धंदा मालिशचा, तेलांवर भरवसा. "उलटीसुद्धा तुला वचकून असते," ओकता ओकता तो म्हणायचा. आजार गेला. पण ती जवळ आली की त्याला उमळून यायचं. "शरीराने तेलाची आणि उलटीची गाठ बांधलीय," डॉक्टर म्हणाले. तिने बाटल्या मोरीत ओतल्या, धंदा सोडला, कोपरापर्यंत हात घासले. आज अंघोळ करून, सुनेचे कपडे घालून ती दारात उभी राहिली. "अहो, आता येतो का वास?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वास नाही गं. तू दिसलीस तरी ढवळतं." ती भिंतीआड सरकली. तिथूनच म्हणाली, "बरं, नुसतं बोलू का?" आत त्याच्याजवळ बसलेली सून ओरडली, "बाबा, थांबा, बादली आणते!"