तिसऱ्या यंत्रातल्या नोंदी

"सुट्टीत मला तुमच्याबरोबर मोजणीला न्याल का?" मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून तिने जेवता जेवता एका दमात विचारून टाकलं.

आई-बाबा गावोगाव फिरून नकाशे करायचे. बाबा हसले. "जागा टिपणारी, हातात धरायची तीन यंत्रं आलीत, त्यातलं एक घ्यायचंय. चांगलं निवडून दाखव, नेतो!"

"पण नीट चाल हं," आई म्हणाली. "वारं प्यायलेल्या वासरासारखी उधळू नकोस."

शाळेच्या रिकाम्या मैदानाला तिने एकेक यंत्र घेऊन तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीत त्याच तीन नोंदी केल्या: फाटक, नळ, झाड.

घरी येऊन तिने त्या ताडून पाहिल्या. पहिल्या यंत्राने नळ थेट रस्त्यावर नेऊन ठेवला होता. दुसऱ्याने झाडच गिळलं होतं. तिसऱ्यात सगळं जागच्या जागी होतं. फक्त नोंदी तीन नव्हत्या, पाच होत्या.

फाटकानंतर लिहिलं होतं, 'इथे ती हसली.'

नळानंतर, 'इथे तिने उडी मारली. मीही मारली.'

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मैदानात तर चिटपाखरूही नव्हतं! आणि उडी तिने खरंच मारली होती, उगाचच, आनंदाने. ते आठवून तिला खुदकन हसू फुटलं.

हातातलं यंत्र हलकेच थरथरलं. सहावी नोंद उमटली.

'घरीही हसली. मीही हसले.'

ती धावतच स्वयंपाकघरात गेली.

"आई, बाबा, ठरलं! तिसरंच घ्यायचं. आणि मोजणीला आम्ही दोघी येतोय!"